'अब्दुल'चे विनोद आणि ग्रुप सोडून गेलेला वर्गमित्र

कॅम्पातला

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. शाळा बेळगावातली, मराठी माध्यमाची. नाव सांगत नाही. सकाळी सुविचार, दुपारी शेअर बाजार आणि रात्री जेवणं झाली की विनोद, असा रतीब चालू असतो. विनोदांत गेली काही वर्षं एक ठरलेलं पात्र आहे: अब्दुल. अब्दुलचं पंक्चरचं दुकान, अब्दुलच्या चार बायका, अब्दुलला स्वतःची पोरं मोजता न येणं, अब्दुल विमानात चढला की बाकीच्यांनी उतरणं. नमुने देत नाही. तुमच्या फोनात आहेतच.

मध्यंतरी ग्रुपमधला एकुलता एक मुसलमान वर्गमित्र बाहेर पडला. भांडण नाही, निरोप नाही. त्यावर जी चर्चा झाली ती मला जास्त खटकली. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं", "त्याला कोण म्हणालं वो, आपण अब्दुलला म्हणालो", "बघा, यांना विनोद पचतच नाही". मग त्याच्या जाण्यावरच एक विनोद झाला आणि अ‍ॅडमिननं हसऱ्या बाहुल्या टाकून विषय मिटवला.

आपल्या भागात कुणी कुणाला सोडत नाही हे खरं आहे. मराठी माणूस कानडीवर, कानडी माणूस मराठीवर, बेळगाव धारवाडवर आणि सगळे मिळून पुण्यावर. चिक्कोडी-कागवाडकडच्या जैन शेतकऱ्याची दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची घाई, अमक्या जातीचा चिक्कूपणा, तमक्या गावचा आडमुठेपणा. आपण सीमेवरचे तर दोन्हीकडून खातो. आपलं "काय करायलास" ऐकून पुण्यात हसतात आणि आपलं कन्नड ऐकून बेंगळुरात. बेळगाव १९५६ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून आपण दोन्ही घरचे पाहुणे. तेव्हा कुणी म्हणेल, अब्दुलचे विनोदही त्यातलेच.

मला तसं वाटत नाही. मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा घरमालक माझ्या मराठीवर पोट धरून हसले आणि हसतहसतच खोलीची किल्ली हातावर ठेवली. हा वर्गमित्र उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चांगल्या हुद्द्यावर आहे. त्यानं आपल्याच शहरात भाड्यानं घर बघायला सुरुवात केली तेव्हा फोनवर सगळं जुळायचं, भाडं ठरायचं, आणि नाव सांगितलं की "नंतर कळवतो". नंतर कुणी कळवलं नाही. माझ्या बोलीवर हसणाऱ्यांनी माझं काही अडवलं नाही. त्याच्यावर हसणारे आणि त्याला घर नाकारणारे यांत मात्र बरीच नावं सारखी निघतील. म्हणून 'सगळ्यांवरच होतात' हा हिशेब मला पटत नाही.

असे विनोद आकाशातून द्वेष आणतात असं मी म्हणत नाही. माझा अंदाज इतकाच की मनात आधीच असलेल्याला ते मुभा देतात. तुमचं काय? आणि कृपा करून 'मग अमुक वेळी कुठं होता' छापाचे प्रतिसाद नकोत.

हत्तरगी_नाका

झालं सुरू. सरदारजींवर विनोद होतात, मारवाड्यांवर होतात, बामणांच्या कंजुषीवर तर पिढ्यान्‌पिढ्या हसतोय आपण. त्यांचं काय वाकडं झालं? आज मुसलमानावर नको, उद्या बायकोवर नको, परवा पुणेकरावर नको. मग हसायचं कशावर, हवामान खात्यावर?

दुसरं. धर्माचा विषय आला की एकाच बाजूनं सांभाळून बोलायचं हा नियम कुणी केला? ७ जानेवारी २०१५ ला पॅरिसमध्ये व्यंगचित्रांवरून बारा माणसं मारली. त्या घटनेनंतर 'विनोद पचत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला लगेच द्वेष्टा ठरवू नका.

घर न मिळणं वाईटच. पण ते विनोदामुळं नाही. विनोद बंद केले म्हणून घरमालक किल्ली देणार आहे का?

मार्कंडेय

नाकासाहेबांचा शेवटचा प्रश्न रास्त आहे. पण पॅरिसचा दाखला उद्यमबागेतल्या माणसाला कसा लागू होतो ते समजलं नाही. गोळ्या झाडणारे ते, आणि मान खाली घालायची यानं?

माझा मुद्दा थोडा वेगळा. आपला जिल्हा तसा एकमेकांत मिसळलेला. सौंदत्ती तालुक्यातल्या हिरेबिदनूर गावात मुसलमान वस्ती नाही तरी तिथं मोहरम होतो, पूजाअर्चा हिंदूच करतात. पलीकडं कुरुंदवाडात मशिदीत गणपती बसतो. पीर, उरूस, मोहरमचे डोले (ताबूत) हे आपल्या खेड्यांत 'त्यांचं' म्हणून कधी नव्हतंच. मला वाटतं व्हॉट्सअ‍ॅपवरचा अब्दुल हा बाहेरून आलेला माल आहे, बहुतेक हिंदीतून भाषांतर झालेला. आपल्या मातीतला नाही.

वखारवाली

मार्कंडेय, हे 'आपल्या मातीतलं नाही' ऐकायला बरं वाटतं. पण डोल्यापुढं नाचणारा आणि रात्री तोच विनोद पुढं ढकलणारा, हा एकच माणूस असू शकतो. मी असे बघितलेत.

मी निपाणीची. आई बिड्या वळायची. कारखान्यात हिंदू, मुसलमान, सगळ्या जातींच्या बायका मांडीला मांडी लावून बसायच्या. तिथं जे विनोद चालायचे ते इथं लिहिले तर संचालक माझा आयडी उडवतील. एकमेकींचे नवरे, एकमेकींचे उपास, रोजे, देव, पीर, सासवा. कुणालाच माफी नव्हती. आणि मुकादम छाट काढायला लागला, म्हणजे चांगल्या बिड्यासुद्धा खराब म्हणून बाजूला टाकून पैसे कापायला लागला, की ह्याच बायका एका आवाजात ओरडायच्या.

तिथल्या चेष्टेला उत्तर जागच्या जागी मिळायचं. तू माझ्या रोज्यावर बोललीस, घे तुझ्या सोमवारावर. तुमच्या ग्रुपवर अब्दुल कुणाला उत्तर देणार? तो अर्धा वेळ हजरच नसतो, आणि हजर असला तर पन्नास जणांत एकटा.

हत्तरगी, तुम्ही विचारलंत, विनोद बंद केला तर किल्ली मिळणार का. नाही मिळणार. पण 'विड्या ओढू नये' अशी पाटी असलेल्या हॉटेलात एकानं पेटवली आणि मालक गप्प राहिला, की बाकीचे विचारायला जात नाहीत, आपापली काढतात. तुमचे विनोद ती पहिली बिडी आहे.

खानापुरी_नदाफ

मी हा धागा कालपासून वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं. धागाकर्त्याचा वर्गमित्र मी नव्हे, हे आधी सांगतो, नाहीतर उगाच अंदाज बांधत बसाल.

आम्ही नदाफ, म्हणजे पिंजारी. आजोबा पिंजणीची तार घेऊन गावोगाव फिरायचे, लग्नसराईच्या आधी गाद्या भरायचे. घरात आजीशी दखनी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड. आमची दखनी ऐकून लखनौचा माणूस हसतो, उत्तर भारतातला मौलवीसुद्धा हसतो. तेव्हा हसून घ्यायची सवय आम्हालाही आहे हो.

सगळे विनोद मला एकसारखे लागत नाहीत. ईदच्या आधी कचेरीत "बिर्याणी कधी?" असं प्रत्येक जण विचारतो. ईदला बिर्याणी नसते, शिरखुर्मा असतो, हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी पुन्हा बिर्याणीच विचारतात. हा विनोद शिळा आहे, पण त्यात माया आहे. मामेभावाच्या लग्नात बिर्याणी कमी पडली आणि वधूपक्षानं तो विषय अजून सोडलेला नाही, यावर आम्ही घरात अजून लोळून हसतो. आमच्या जमातीत दावतीला वेळेवर न येण्यावर, फुकट वकिली सल्ला देणाऱ्या चुलत्यांवर, हाजी होऊन आल्यावर अचानक गंभीर होणाऱ्यांवर इतके विनोद आहेत की तुमचा अब्दुल त्यापुढं फिका.

पंक्चरवाला अब्दुल ऐकून मात्र मला खरंच नवल वाटतं. पुणे-बेंगळूर रस्त्यावर आमच्या भागात टायर पंक्चर झालं तर बहुतेक वेळा केरळचा माणूस भेटतो, आणि तो ख्रिस्ती आहे की हिंदू की मुसलमान हे कुणी विचारत नाही. आपल्याकडचे मुसलमान काय करतात? बागवान फळं-भाजी विकतात, तांबोळी पानं, अत्तार, शिकलगार, मोमीन विणकर, आणि हल्ली माझ्यासारखे कारकून. विनोद करणाऱ्यानं आपल्या गल्लीत एक चक्कर मारली असती तर निदान विनोद तरी आपला झाला असता.

आता जे लागतं ते. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी माझ्या मुलाला शाळेत "तू कुणाकडनं?" असं विचारतात. विचारणारी पोरं आठवी-नववीची, त्यांचा काही वाईट हेतू नसतो. पण सहावीतल्या पोरानं त्या दिवशी निळा टी-शर्ट घालून जायचा हट्ट धरला. का, तर प्रश्न यायच्या आत उत्तर दिसावं. हा 'विनोद' त्या पोरांनी शोधून काढलेला नाही. घरच्या फोनवरून खाली उतरलाय.

आणि शांतपणे ग्रुप का सोडतात? कारण तिथं बोललं की मोठ्या प्रेमानं उत्तर येतं, "तू तसला नाहीस रे, तू आपला". त्या वाक्यावर काय बोलायचं सांगा. माझी आई, माझे मेहुणे, आमच्या गल्लीतला दूधवाला, हे सगळे मग 'तसले' झाले. मी हसलो तर त्यांना विकलं, चिडलो तर "बघा, पचत नाही". मग माणूस बटण दाबतो.

हत्तरगी_नाका

नदाफभाई, मनापासून लिहिलंत. माझं लिहिणं तुम्हाला उद्देशून नव्हतं.

खानापुरी_नदाफ

तेच तर सांगतोय.

राकसकोप

विनोदांच्या आतलं गृहीतक तरी तपासू. पोरांचा विनोद घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ साली, एका मुसलमान बाईमागे सरासरी ४.४ मुलं होती, हिंदू बाईमागे ३.३. पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, हे आकडे २.३६ आणि १.९४. फरक उरलाय, पण उतार दोन्हीकडं आणि मुसलमानांत जास्त जोरात. त्याच फेरीत अख्ख्या बिहारचा आकडा ३.० आहे आणि कर्नाटकाचा १.७. म्हणजे कुठं राहता, बाई किती शिकली, दवाखाना किती लांब, याचा हात मोठा. यावर बिहाऱ्यांचे विनोद सुरू करू नका आता.

चार बायका: १९७४ चा स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा अहवाल काढून बघा. १९६१ च्या जनगणनेच्या वेळच्या पाहणीवरून त्यात एकापेक्षा जास्त बायका असण्याचं प्रमाण दिलंय: हिंदूंत ५.८ टक्के, मुसलमानांत ५.७. पाचव्या आरोग्य पाहणीत हिंदू बायकांत १.३ टक्के, मुसलमान बायकांत १.९ टक्के. कायद्यानं परवानगी असणं आणि प्रत्यक्षात घडणं यांत एवढं अंतर असतं. बाकी आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेला ४७ लाखांवर लोक होते, त्यात मुसलमान सुमारे ११ टक्के. 'सगळीकडं तेच' हा भास फोनमधला आहे.

हत्तरगी_नाका

राकसकोप, विनोदाला टक्केवारी लावून कुणी हसत नाही. अतिशयोक्ती हा विनोदाचा धर्मच आहे. पुणेकर दुपारी एक ते चार झोपतो याचीही पाहणी करणार का?

राकसकोप

पुणेकर एक ते चार झोपतो म्हणून त्याला कुणी मतदारयादीतून काढा म्हणत नाही. पोरं जास्त म्हणून काय काय करावं याची भाषणं मात्र आपण दोघांनीही ऐकलीत.

येळ्ळूरगड

इथं एकनाथांची आठवण कुणी काढली नाही याचं आश्चर्य वाटलं. सोळाव्या शतकात नाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला. त्यात दोघं एकमेकांच्या देवाधर्माची अशी काही सालटी काढतात की आज ते चौकात म्हटलं तर दोन्हीकडून गुन्हे दाखल होतील. हिंदूच्या देवांच्या कथा, मूर्ती, सोवळं हे तुर्क सोडत नाही, आणि तुर्काची बांग, कुर्बानी हे हिंदू सोडत नाही. शेवटी दोघांना एकमेकांचं पटतं आणि गळाभेट होते.

त्यात तुर्काला तोंड दिलंय, आणि ते चांगलं तिखट दिलंय. आपल्या परंपरेत धर्मावर हसायला बंदी नव्हती. एकालाच बोलायला लावून दुसऱ्याला नुसतं बसवून ठेवणं, हे नाथांच्या रचनेत नाही. वखारवालींचा कारखाना मला नाथांच्या जास्त जवळचा वाटतो.

(अवांतर: याच मराठीत संतकवी शेख महंमद झाले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवणारे शाहीर अमर शेखही. सीमाप्रश्नाच्या नावानं चालणाऱ्या काही ग्रुपांवर अब्दुलचे विनोद येतात तेव्हा मला अमर शेख आठवतात. डफावर थाप पडली की कुणी आडनाव विचारलं नव्हतं.)

पुणे_मुक्काम

मूळचा बेळगावचा, शिकवतो पुण्यात. धागाकर्त्याच्या 'मुभा' या अंदाजावर अभ्यास झालेले आहेत, म्हणून थोडं लांबवतो.

थॉमस फोर्ड नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि मार्क फर्ग्युसन यांनी २००४ मध्ये मांडणी केली, ती ढोबळमानानं अशी. कमी लेखणारा विनोद चांगल्या माणसाला वाईट बनवत नाही. मनात आकस असलेल्यावर एरवी चारचौघांचा धाक असतो. विनोद झाला आणि सगळे हसले, की त्याला वाटतं इथं तेवढं चालतं. २००८ मध्ये फोर्ड आणि इतर सहकाऱ्यांनी बायकांवरच्या विनोदांवर प्रयोग केले. बायकांविषयी मुळात आकस असलेल्या पुरुषांनी असे विनोद वाचल्यावर महिला संस्थेला देणगी देताना हात आखडला. बाकीच्यांवर तसा परिणाम झाला नाही.

आपल्याला लागू पडणारं काम २०१४ चं. मुसलमानांवरचे विनोद वाचल्यावर आधीपासून आकस असलेले लोक मुसलमानांशी होणारा भेदभाव जास्त चालवून घ्यायला लागले. दहशतवाद्यांवरचे विनोद वाचल्यावर दहशतवाद्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. कारण दहशतवाद्याचा तिरस्कार सगळेच उघडपणे करतात, त्याला विनोदाची परवानगी लागत नाही. परवानगी लागते ती अशा गटांबाबत, ज्यांच्याशी वाईट वागू नये हे समाजानं अर्धवट ठरवलेलं असतं.

उलट बाजूही सांगायला हवी. १९९९ मध्ये ऑल्सन, मेयो आणि हॉब्डेन यांनी असेच प्रयोग केले, त्यांना विनोदामुळं लोकांची मतं किंवा साचेबंद कल्पना बदललेल्या आढळल्या नाहीत. म्हणजे 'विनोद ऐकून माणूस द्वेष्टा होतो' हे सिद्ध नाही. हे सगळे अमेरिका-कॅनडातले प्रयोग, एकदाच वाचलेले चार-सहा विनोद. रोज रात्री, वर्षानुवर्षं, आपल्याच वर्गमित्रांकडून येणारा रतीब कुणी प्रयोगशाळेत मोजलेला नाही.

मार्कंडेय

हे पटलं. मग हत्तरगीसाहेब म्हणतात तेही खरं आणि वखारवाली म्हणतात तेही. ज्याच्या मनात काही नाही त्याच्यासाठी तो नुसता विनोद, आणि ज्याच्या मनात आहे त्याच्यासाठी पास.

वखारवाली

तेवढ्यावर सुटू नका हो. ज्याच्या मनात काही नाही तोच तर पहिल्यांदा हसतो. त्याचं हसू बघून दुसऱ्याला पास मिळतो.

संचालक

'उदाहरणादाखल' म्हणून दोन प्रतिसादांत अख्खे विनोद डकवले होते, ते काढले आहेत. एका प्रतिसादात थेट जर्मनीतल्या नाझी वृत्तपत्रातली व्यंगचित्रं आणि त्याखाली एका सदस्याचं नाव, असा प्रकार होता, तोही काढला आहे. विषयाला धरून लिहा.

वकिली_बाणा

कायद्याचं कुणी विचारलं नाही, पण विचारतीलच.

जुन्या भारतीय दंड संहितेची १५३ अ आणि २९५ अ ही कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १९६ आणि २९९ झाली. गटागटांत वैर वाढवणं आणि धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं दुखावणं, असे ते गुन्हे. ग्रुपवरचा रटाळ विनोद त्यात बसवणं अवघड, आणि बसवूही नये असं माझं मत. सरदारजींवरच्या विनोदांविरुद्ध एका शीख वकील बाईंनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की लोकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही. तेव्हा हत्तरगीसाहेब, 'सरदारजींना काही वाटत नाही' हे विसरा. वाटलं म्हणूनच ते कोर्टात गेले.

अ‍ॅडमिन लोकांसाठी: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं की दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, आधीपासून संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनवर फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे पोलिसांची भीती नको. बाहुल्या टाकाव्यात की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं.

कायद्याची दुसरी बाजू मात्र बघा. विनोदवीर मुनव्वर फारुकीला १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये अटक झाली. त्या कार्यक्रमात त्यानं तो आक्षेपार्ह म्हटलेला विनोद केलेलाही नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं ५ फेब्रुवारीला जामीन देईपर्यंत तो तुरुंगात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेंगळुरातला त्याचा कार्यक्रम पोलिसांनी आयोजकांना सांगून रद्द करवला. 'विनोदाला विनोद म्हणून घ्या' हा सल्ला तेव्हा कुणी कुणाला दिला, ते आठवून बघा.

हत्तरगी_नाका

फारुकीची अटक चूकच होती, मी तेव्हाही तेच म्हणत होतो. मला दोन्हीकडं विनोद मोकळा हवा. तुम्हाला कुठंच नको असं दिसतंय.

दरबार_गल्ली

मी मुसलमान, बाई, आणि माझं मत नदाफभाईंपेक्षा थोडं वेगळं.

पहिलं, आमच्याकडं सगळे साधूसंत आहेत असं चित्र रंगवू नका. आमच्या घरांत बामणाच्या सोवळ्यावर, लिंगायतांच्या मठावर, शाकाहाऱ्यांच्या जेवणावर काय काय बोलतात ते मी लहानपणापासून ऐकलंय. फरक इतकाच की आमच्या बैठकीतल्या विनोदानं कुणा लिंगायताचं घर जात नाही. ताकद नाही म्हणून, चांगुलपणा आहे म्हणून नव्हे.

दुसरं, चार बायकांचा विनोद. तो ऐकून मला दोन वेळा राग येतो. एकदा तो सांगणाऱ्याचा, कारण त्याला आमच्या बायकांची काडीचीही पडलेली नसते. आणि एकदा आमच्यातल्या त्या पुरुषांचा, ज्यांनी हा विषय इतकी वर्षं बदलू दिला नाही. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं ते बायकांच्या ह्याच प्रश्नांवरून. त्याआधी १९६६ साली त्यांनी सात बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला होता. त्या मोर्चाची चेष्टा करणारे आमच्यातले होते, आणि आज चार बायकांवर हसणाऱ्यांना त्या सात जणी ठाऊक नाहीत. असे विनोद चालू असले की घरात बोलणं आणखी अवघड होतं. मी तोंड उघडलं तर "तू पण त्यांच्यासारखं बोलायला लागलीस" असं ऐकावं लागतं. एवढं नुकसान कुणी धरलं नाही इथं.

तिसरं, मी ग्रुप सोडत नाही. मला बुरख्यावरचा विनोद आला की विचारते, "मला समजला नाही, जरा समजावून सांगता?" समजावून सांगताना भल्याभल्यांची बोबडी वळते. करून बघा.

खानापुरी_नदाफ

आपा, तुम्हाला जमतं. मला वरच्या साहेबांबरोबर रोज एका टेबलावर बसायचंय, त्यांनीच पाठवलेला विनोद त्यांनाच समजावून मागायचा?

दरबार_गल्ली

हे खरंय. माझं स्वतःचं शिवणकामाचं दुकान आहे, मला साहेब नाही.

कॅम्पातला

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. पुणे_मुक्काम, 'अर्धवट ठरवलेलं' हे अगदी आपल्या शहराला लागू आहे. ग्रुपवर "मुसलमानाला घर देऊ नका" असं कुणी लिहिलं तर निम्मे तरी त्याला झापतील. विनोदात तेच आलं तर झापणाराच खडूस ठरतो.

कोल्हापूरचं जून २०२३ आठवा. स्टेटसवरून वातावरण तापलं, ७ तारखेला दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. ते विनोद नव्हते, आणि मी त्याची तुलना आमच्या ग्रुपशी करत नाही. पण त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर अब्दुल एकाएकी पंक्चर काढायचा थांबला आणि तलवार घेऊन आला. तेच पात्र, तेच पाठवणारे, हसऱ्या बाहुल्याही त्याच. पंक्चरवाल्यावर हसायची सवय लागलेल्या कुणालाच हा बदल जाणवला नाही. वर्गमित्र तेव्हा ग्रुपवर होता.

आता प्रत्यक्षातला प्रश्न. ग्रुपवर मी लिहायचं ठरवलंय. मसुदा तयार आहे. त्यात त्याचं नाव घालू का?

वकिली_बाणा

नको. त्यानं तुम्हाला वकीलपत्र दिलेलं नाही.

खानापुरी_नदाफ

नाव नको. आणि "त्याच्या भावना दुखावल्या" असंही नको, लगेच सगळे त्याला फोन करून माफी मागत सुटतील आणि "तू आपला" पुन्हा सुरू होईल. तुम्हाला स्वतःला आवडत नाही असं लिहा. तुमचं मत म्हणून. ते त्यांना जास्त जड जाईल. त्याला परत घ्यायची घाई करू नका, यायचं तर तो येईल. भेटायचं असेल तर सरळ चहाला बोलवा आणि उद्यमबागेतल्या ऑर्डरींविषयी बोला.

येळ्ळूरगड

मसुदा इथं टाका, शुद्धलेखन बघून देतो. त्या ग्रुपवरचा एखादा मास्तर ऱ्हस्व-दीर्घ काढून मूळ मुद्दा बाजूला सारेल.

हत्तरगी_नाका

लिहा की. माझ्या ग्रुपवर मी अब्दुलचे पाठवणं बंद करतो, नदाफभाईंच्या पोराच्या टी-शर्टासाठी. पटलं म्हणून नव्हे हां, वाद माझा कायम आहे. बायकोवरचे चालूच राहतील, ते आधीच सांगून ठेवतो.

वखारवाली

त्याचा वेगळा धागा काढते. आज संध्याकाळी.